एका माणसाची एकच नोंद

ग्रंथपालांनी उभ्या आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. तरीही एका सकाळी त्यांच्या हातून तीन माणसं गेली आणि त्यांतले एक ते स्वतः होते.

याचं मूळ मंडळाच्या गाडीत आहे. वसाहतीचं एक मदत मंडळ होतं आणि मंडळाची सगळी मालमत्ता म्हणजे एक पांढरी गाडी, जिच्यात माणूस एकदाच बसतो, तोही आडवा. गाडी कुणाला हवी ते अध्यक्षांच्या जिन्यातल्या फळ्यावर खडूने लिहायचं, ड्रायव्हरने वाचायचं आणि निघायचं. हे वर्षानुवर्षं सुरळीत चाललं. मग एका गृहस्थांच्या दोन मुलांनी, ज्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं, वडिलांचं नाव आपापल्या पत्त्यासह वेगवेगळं लिहिलं. गाडी धाकट्याकडे गेली. वडील थोरल्याकडे होते. धाकटा दाराला कुलूप लावून थोरल्याकडे भांडायला गेला होता. ड्रायव्हर त्या कुलपासमोर हॉर्न वाजवत बसला, आणि त्या दोघांच्या वडिलांना अखेर भाजीच्या टेम्पोतून जावं लागलं.

अध्यक्षांनी बैठक बोलावली. अध्यक्षांची सारी नोकरी नाक्यावर गाड्या तपासण्यात गेलेली. कुणालातरी अडवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ते म्हणाले, "यापुढे सगळं कॉम्प्युटरवर. नाव टाकलं की ड्रायव्हरला मेसेज, वसाहतीला मेसेज. सिस्टीममध्ये नाव नाही तर गाडी नाही. आणि एक गोष्ट कोरून ठेवा, एक माणूस दोनदा मरता कामा नये."

मग सगळ्यांनी ग्रंथपालांकडे पाहिलं. कारण ते नोकरीत होते तेव्हा वाचनालयात कॉम्प्युटर आला होता. तो दुसऱ्यांनी आणला, दुसऱ्यांनी बसवला. ग्रंथपालांनी त्यावर धूळ बसू नये म्हणून कापड शिवून घेतलं होतं. हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं. पण चारचौघांत त्यांचं तोंड उघडायला इतका वेळ लागे की तोवर विषय मंजूर झालेला असे.

"होईल ना?" अध्यक्ष म्हणाले.

"प्रयत्न..." ग्रंथपाल म्हणाले.

"झालं तर मग."

ग्रंथपालांना मित्र म्हणावा असा माणूस एकच. तळमजल्यावरचे घड्याळवाले. नजर अधू झाली तेव्हा त्यांनी खालच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करणं सोडलं, आणि मग जे यंत्र त्यांना दुरुस्त करता येत नव्हतं, ते छातीतलं, बिघडलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धक्का बसू देऊ नका. रोज संध्याकाळी दोघं जिन्याच्या वळणावर खिडकीशी बसून बुद्धिबळ खेळत. ग्रंथपालांना दिवसभरात बोलायचं असे ते सगळं त्या वेळात बोलून होई, आणि ते फार नसे. ही एक संध्याकाळची बैठक गेली असती, तर त्यांच्याकडे पुस्तकं उरली असती आणि बायको. आणि बायकोला बुद्धिबळ येत नव्हतं.

"मी कुठून करणार हो हे?" ग्रंथपालांनी पटावर विचारलं.

"पुस्तकातून," घड्याळवाले म्हणाले. "दुसरीकडून तुम्ही कधी काही केलंय का? उंट सांभाळा."

म्हणून ग्रंथपालांनी पुस्तक आणलं. पीएचपी या भाषेतल्या एका फ्रेमवर्कवरचं, उशीएवढं जाड. फ्रेमवर्क म्हणजे काय, हे ते बायकोला सांगत की बांधून तयार घर असतं, नळ, वायरी, कड्या-कोयंडे सगळं बसवलेलं. आपण फक्त संसार मांडायचा. त्यांनी पुस्तक प्रस्तावनेपासून वाचायला घेतलं. ऋणनिर्देश वाचला. शेवटची सूची वाचली. अजून कॉम्प्युटर सुरू व्हायचा होता.

"अहो, पोहण्याचं पुस्तक वाचून कुणी पोहलंय का?" बायको म्हणाली. "माझ्या भावाला विचारा. तो याच धंद्यात आहे."

मेव्हण्याला फोन लावला. तो हसला. "पीएचपी? भाऊजी, ती मेली कधीच."

संध्याकाळी हे ऐकून घड्याळवाले म्हणाले, "मग तुमच्या कामाला उत्तमच. पहिली नोंद तिची करा."

मेलेली असो वा जिवंत, ग्रंथपाल तिच्याशी नेटाने संसार करू लागले. आणि संसारात कळतात तशा गोष्टी त्यांना उशिरा आणि मार खाऊन कळल्या. पहिली ही, की फ्रेमवर्कच्या पोटात दुसऱ्यांनी लिहिलेला कोड असतो, त्या कपाटात हात घालू नये. त्यांनी घातला. तिथला एक संदेश त्यांना उद्धट वाटला म्हणून त्यांनी तो जागच्या जागी सौम्य केला. पुढच्या अपडेटने तो पुन्हा होता तसा उद्धट करून ठेवला. दुसरी ही, की चूक झाली तर पडद्यावर सगळा तपशील दाखवण्याची सोय घरी वापरायची, लोकांसमोर बंद करायची. हे त्यांना मंडळाच्या बैठकीत कळलं, जेव्हा प्रोजेक्टरने भिंतीवर लाल पान झळकलं आणि त्यात मंडळाचा पासवर्ड मोठ्या अक्षरांत आला. पासवर्ड म्हणजे अध्यक्षांच्या घरातलं त्यांचं लाडाचं नाव होतं. ते इथे सांगण्यात अर्थ नाही, पण वसाहतीतली मुलं त्यांना अजून त्याच नावाने हाक मारून पळतात.

तिसरी ही, की माणसं काय भरतील याचा भरवसा धरू नये. प्रत्येक रकान्यावर पहारा हवा. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी चाचणीच्या वेळीच स्वतःचं नाव भरलं आणि तारीख टाकली पुढच्या महिन्यातली.

"आजी, ही तारीख पुढची आहे," ग्रंथपाल अदबीने म्हणाले.

"रविवार आहे तो," आजी म्हणाल्या. "सगळ्यांना सुट्टी असते. मधल्या वारी गेले तर सून रजा काढणार नाही, मला माहितीय."

ग्रंथपालांनी नियम घातला, तारीख पुढची चालणार नाही. आजींनी नंतर त्यांच्याशी अबोला धरला. हक्क काढून घेतल्यासारखं त्यांना वाटलं.

गाडीची परवानगी नगरपालिकेची होती, म्हणून अर्जाचा नमुना तिथे दाखवणं आलं. खिडकीमागच्या कारकुनाने तो उलटसुलट पाहिला. "लाभार्थीची सही कुठे आहे?"

"लाभार्थी म्हणजे... जो गेलेला असतो तो," ग्रंथपाल म्हणाले.

"असेल. आमच्याकडे लाभाच्या प्रत्येक अर्जावर लाभार्थीची सही लागते. रकाना रिकामा चालत नाही."

"पण तो सही कशी करणार?"

"आधी करून ठेवायची," कारकून म्हणाला, आणि खिडकी लावली. तीन फेऱ्यांनंतर तोडगा निघाला: रकान्यात 'सही करण्यास असमर्थ' हे शब्द आपोआप पडतील. ग्रंथपालांना मनातून वाटलं, इतकं अचूक वाक्य आपण आजवर लिहिलेलं नाही.

मग अध्यक्षांचा नियम. एक माणूस दोनदा नको. पुस्तकात त्यासाठी एका ओळीची सोय होती. तेच नाव पुन्हा आलं की सिस्टीम अडवते आणि सांगते, 'या व्यक्तीची नोंद झालेली आहे. एका माणसाची एकच नोंद.' अध्यक्षांनी हे स्वतः तीनदा करून पाहिलं आणि तीनदा अडवले जाऊन अतिशय प्रसन्न झाले. नोंद झाली की हिरव्या पट्टीवर 'अभिनंदन!' येत असे, पुस्तकातल्या उदाहरणातून आलेलं. बँकेतल्या शेजाऱ्यांनी ते काढायला लावलं. ग्रंथपालांनी काढलं, म्हणजे जिथे दिसलं तिथलं काढलं.

आता नमुन्याची माहिती भरायची होती. फ्रेमवर्कमध्ये खोटी नावं बनवून देणारं यंत्र असतं, पण ते देई ती माणसं परकी, कुठेही न राहणारी. अशा माणसांना गाडीत बसवणं ग्रंथपालांना खोटेपणाचं वाटलं. त्यांनी पटावर भीत भीत विचारलं, "तुमचं नाव घालू का? नुसतं तपासायला."

"घाला की. रंगीत तालीम होईल," घड्याळवाले म्हणाले. "आणि खाली काय लिहिणार?"

"काहीतरी. 'कुटुंबावर दुःखाचा डोंगर.'"

"डोंगर नको. मी सांगतो ते घ्या." आणि घड्याळवाल्यांनी प्यादं हातात धरून सांगितलं, "यांनी अनेकांची वेळ सुधारली, स्वतःची साधली नाही. मागे पत्नी, मुलगी, आणि एक ग्रंथपाल आहे, ज्याला घोडा कसा चालतो हे अद्याप कळलेलं नाही."

ग्रंथपालांनी ते जसंच्या तसं लिहिलं. एकट्या मित्राला मारणं बरं दिसेना म्हणून दुसरं नाव अध्यक्षांचं घातलं आणि तिसरं, न्यायाने, स्वतःचं. घरी सगळं सुरक्षित होतं. संदेश बाहेर न पाठवता एका फाइलीत लिहून ठेवायची सोय होती. पत्र लिहून टपालात न टाकता खणात ठेवावं तशी.

पुढे जे झालं ते पुस्तकाच्या त्याच प्रकरणात, दोन पानं पुढे, ठळक अक्षरांत 'करू नये' म्हणून छापलेलं आहे. ग्रंथपालांनी ते वाचलंही होतं आणि पेन्सिलीने समासात खूण केली होती. सगळं सर्व्हरवर चढवलं. संदेश आता खरोखर जावेत म्हणून ती सोय बदलली. मग माहितीची टेबलं नव्याने तयार करायची आज्ञा दिली, आणि सवयीने तिच्या शेपटीला तो शब्दही जोडला, जो नमुन्याची माहिती भरतो.

वसाहतभर फोन वाजू लागले. मंडळास कळवण्यास अत्यंत दुःख होते की.

अध्यक्षांना स्वतःच्या निधनाची बातमी नाश्ता करताना कळली, खाली 'आपला शोकाकुल, अध्यक्ष' अशा सहीने. ते तडक जिना चढून आले. "मी गेलो आणि मीच दुःखी?" ते म्हणाले. "निदान सही तरी उपाध्यक्षांची घालायची."

ग्रंथपालांच्या निधनाबद्दल बायकोला एकच फोन आला. बँकेतल्या शेजाऱ्यांचा. त्यांना विचारायचं होतं की आता सिस्टीमचं राहिलेलं काम कोण करणार.

पण तळमजल्यावर हसण्यासारखं काही नव्हतं. घड्याळवाले दवाखान्यात छातीचा आलेख काढायला गेलेले. घरात त्यांच्या पत्नी, ग्रंथपालांच्या वहिनी, एकट्या. दवाखान्यात गेलेला माणूस, आणि मागोमाग हा संदेश. त्यांनी मुलीला फोन केला, मुलगी परगावाहून मिळेल त्या बसने निघाली. त्यांनी नवऱ्याला फोन करायचं धाडस केलं नाही. कुणी दुसऱ्यानेच उचलला असता तर, म्हणून. ग्रंथपाल धावत खाली आले तेव्हा त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, एका पायात चप्पल, एक हातात. ग्रंथपालांनी "वहिनी, चूक माझी, ते बरे आहेत" एवढंच वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं, पण इतक्या हळू की ते त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला.

तेवढ्यात ग्रंथपालांचा फोन वाजला. घड्याळवाल्यांचं उत्तर होतं, मंडळाच्या संदेशाला. 'मिळालं. आलेख काढून पोचतो.'

ते पोचले तेव्हा दारात पांढरी गाडी उभी होती आणि भोवती माणसं. पाठमोऱ्या दोघांना त्यांच्या येण्याचा पत्ता नव्हता. एक म्हणत होता, "सुटला म्हणायचा. घरच्यांनाही कठीणच होतं." दुसरा विचारत होता, "खालचं दुकान मोकळं होईल का आता?" घड्याळवाले दोघांच्या मधून वाट काढत गेले, "जरा सरता का," म्हणाले, आणि वहिनींच्या हातातली चप्पल घेऊन त्यांच्या पायात घातली.

त्या संध्याकाळी ते पटावर आले नाहीत. दुसऱ्याही नाही. रागावले नव्हते. "जिना चढवत नाही हो," एवढंच म्हणत. वळण फक्त सात पायऱ्यांवर होतं. ग्रंथपाल रोज पट मांडत आणि अंधार पडायच्या आत आवरत.

"खाली जाऊन माफी मागा," बायको म्हणाली.

"मागितली."

"परत मागा."

"काय शब्द वापरू?"

"अहो, एवढी पुस्तकं वाचलीत, एक शब्द सापडत नाही?"

सिस्टीममधून ती तीन मरणं पुसायला हवी होती. इथे ग्रंथपालांनी पुस्तकाचा सल्ला तंतोतंत पाळला: महत्त्वाची नोंद कधी समूळ नष्ट करू नये. फ्रेमवर्क तशी सोय देतं. पुसल्याची तारीख ओळीवर पडते, ओळ कुणाला दिसत नाही, पण आत राहते. ग्रंथपालांना हे फार आवडलं. वाचनालयातही बाद पुस्तकाचा क्रमांक कधी दुसऱ्याला देत नसत.

एके दिवशी घड्याळवाले अचानक आले. सात पायऱ्यांना दम लागला होता. बसले, पांढरी मोहरी लावली.

"पुसलं का माझं नाव?"

"पुसलं."

"पार?"

ग्रंथपालांना खोटं बोलता येत असतं तर ही वेळ होती. "दिसत नाही आता," ते म्हणाले.

"म्हणजे आहे."

"आहे. पण दिसत नाही."

घड्याळवाल्यांनी घोडा उचलला, जरा वेळ हातात ठेवला. "माझंही तसंच आहे, ग्रंथपाल," ते म्हणाले. "राग तुमच्यावर नाही. गाडीपाशी बोलत होते ते दोघं रोज भेटतात, 'काय म्हणते तब्येत' विचारतात. मी 'बरी' म्हणतो." मग घोडा ठेवला. "चला. खेळा."

डाव अर्धा राहिला. उद्या पुरा करू म्हणाले. पट तसाच ठेवला.

सकाळी वहिनींनी खालून हाक मारली, आणि त्या हाकेतच सगळं होतं.

मुलगी निघाली होती. वाटेत तिने दोनदा फोन करून विचारलं, खरं का. डॉक्टर येऊन, कागद देऊन गेले. अध्यक्षांनी ड्रायव्हरला फोन केला, आणि ड्रायव्हरने अध्यक्षांचाच नियम त्यांना ऐकवला. सिस्टीममध्ये नाव नाही तर गाडी नाही. "मागच्या खेपेला मी उगाच हेलपाटा खाल्ला, साहेब. नाव दिसू द्या, निघतो."

ग्रंथपाल लॅपटॉप घेऊन खाली आले. मित्र आतल्या खोलीत होता. बाहेरच्या खोलीत, खुंटीवर टांगलेल्या त्याच्या सदऱ्याखाली बसून त्यांनी नाव भरलं, पत्ता भरला, आजची तारीख भरली. बटण दाबलं.

'या व्यक्तीची नोंद झालेली आहे. एका माणसाची एकच नोंद.'

त्यांनी पुन्हा दाबलं. सिस्टीमने पुन्हा अडवलं, तितक्याच सभ्यपणे. तो संदेश त्यांनीच सौम्य शब्दांत लिहिला होता.

मेव्हणा फोनवर म्हणाला, "भाऊजी, तुमचा नियम पुसलेल्या ओळीही मोजतो. नियमातच सांगायला हवं होतं, त्या सोडून दे म्हणून. आता एक करा, जुनी ओळ कायमची उडवा आणि नवी भरा."

"नाहीतर नावापुढे 'दुसरे' लावा," अध्यक्ष म्हणाले. "राजांना लावतात तसं. वेळ जातोय, ग्रंथपाल."

ग्रंथपालांनी जुनी ओळ उघडली. पडद्यावर प्रश्न आला, ही नोंद कायमची नष्ट होईल, नक्की? त्या प्रश्नाच्या वर ते वाक्य होतं, प्यादं हातात धरून सांगितलेलं. बोट बटणावर होतं. ते खाली जाईना. आयुष्यात प्रथमच त्यांच्याकडे सगळे बघत होते आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

वहिनी मागे येऊन उभ्या होत्या. "उडवलंच पाहिजे का?" त्यांनी विचारलं.

"परतही आणता येतं," ग्रंथपाल म्हणाले. "आहे ती. फक्त तारीख बदलायची. पण मग खालचा मजकूर तोच जाईल."

"त्यांनीच सांगितलेला ना तो?"

"हो."

"वहिनी, मागच्या वेळी त्यावरून तक्रारी आल्या होत्या," अध्यक्ष म्हणाले. "निधनाच्या संदेशात घोडा शोभत नाही."

"मागच्या वेळी ते खोटं होतं," वहिनी म्हणाल्या. "आता खरं आहे. जाऊ द्या तसंच."

ग्रंथपालांनी ओळ परत आणली. आणि पडद्यावर हिरवी पट्टी आली, जी शोधायची राहून गेली होती. 'अभिनंदन! तुमची नोंद परत मिळाली आहे.'

ग्रंथपालांना वाटलं, जमिनीत जागा असती तर आपण आत्ताच आपली नोंद करून टाकली असती. वहिनींनी ती पट्टी सावकाश वाचली, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. मग पदर तोंडाला लावला, आणि त्यांचे खांदे हलू लागले ते रडण्याने की हसण्याने, हे पाठीमागच्या बायकांना कळलं नाही.

तारीख बदलली. संदेश पाठवला. लगेच ड्रायव्हरचा फोन.

"दिसलं नाव. यावेळी नक्की ना, काका?"

"नक्की," ग्रंथपाल म्हणाले.

मग खोलीतले फोन वाजू लागले, एकामागून एक, अध्यक्षांचा, वहिनींचा, दारातल्या माणसांचे. सगळ्यांत शेवटी खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात एक छोटासा टिंग झाला. ग्रंथपालांनी मान वर केली, स्वतःचा फोन हातात घेतला, आणि उत्तर यायला लागतो तेवढा वेळ थांबले.